कागदावर नसलेली ओळ

भिंगारदिवे बाईंच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या पिशवीत सोळा वचनांची यादी होती, आणि ती सोळाही वचनं माझ्याच हातून बायबलमधून नाहीशी झाली आहेत अशी माझी खात्री होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन मी पुण्यात आले होते आणि कर्वे रस्त्यालगत दोन खोल्यांच्या एका कंपनीत चिकटले होते. पाच कॉम्प्युटर, सात माणसं आणि एक पंखा. पंख्याचं तोंड कॉम्प्युटरकडे. मिळेल ते काम आम्ही घ्यायचो. त्यातच ख्रिस्ती मंडळींच्या एका अनुवाद समितीचं काम आलं. बायबलचा नवा मराठी अनुवाद तयार होता. तो एका फॉन्टमधून दुसऱ्या फॉन्टमध्ये न्यायचा, बिघडलेली पानं नव्यानं टाइप करून छापायला तयार करायचा, आणि हवा तो शब्द शोधता येईल अशी एक सीडीही करून द्यायची.

मी घरी तुळशीला पाणी घालणारी. बायबल कधी हातातही धरलं नव्हतं. पण त्यात प्रत्येक अध्यायाला नंबर, प्रत्येक वचनाला नंबर, हे बघून मला बरं वाटलं. नंबर आपल्याला कळतात. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एकानंतर दोन, दोनानंतर तीन येतात की नाही, एवढंच तो तपासायचा. चालवला, आणि खात्रीसाठी पुन्हा चालवला. मत्तयाचं शुभवर्तमान म्हणून त्यात एक पुस्तक आहे, त्याच्या सतराव्या अध्यायात वीसनंतर एकदम बावीस. अठराव्यात दहानंतर बारा. पुढं मार्क, लूक, सगळीकडे अशीच भोकं.

साहेबांचा चेहरा उतरला. "फॉन्ट बदलताना तुझ्या प्रोग्रॅमनं खाल्ली असणार," ते म्हणाले. "लोकांच्या धर्माचं पुस्तक आहे ते. बोभाटा झाला तर कुलूप लावून घरी जायचं आपण." समितीनं शंका विचारायला एकच पत्ता दिला होता : कु. करुणा भिंगारदिवे, येरवडा. साहेबांनी मला तिकडे पिटाळलं.

दार उघडलं ते बाईंच्या भावजयीनं, सुलोचनावहिनींनी. भाऊ जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून नणंद-भावजय दोघीच तिथं राहत होत्या. बाई खिडकीपाशी लाकडी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. उंच, काटकुळ्या, पांढरी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि कानावर लाल पेन्सिल. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होऊ इच्छिणाऱ्यांच्या विद्यालयात तीस वर्षं ग्रीक आणि हिब्रू शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या.

"बाई, माझ्याकडून देवाची सोळा वचनं उडून गेली," मी म्हटलं आणि तिथंच रडायला लागले.

"आधी बस. कुठल्या गावची तू?"

"वर्ध्याची."

"हं. वर्धा, यादी वाच."

मी यादी पुढं केली होती, पण त्यांनी ती हातात घेतली नाही. मी वाचत गेले. तिसऱ्या नंबरानंतर चौथा त्यांनीच सांगितला. मग पाचवा, सहावा. शेवटपर्यंत सगळे. आणि हसायला लागल्या. हसताना त्यांचे खांदे हलायचे, आवाज यायचा नाही.

"अगं, ही तू हरवलेली नाहीस. ही मुळात नव्हतीच."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते माझ्या जन्मभर लक्षात राहिलं. मूळ लिहिणाऱ्यांनी वचनांना नंबर दिलेच नव्हते. अध्यायही पाडले नव्हते. शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत. अध्याय पडले हजारबाराशे वर्षांनी, आणि वचनांचे नंबर त्याहून तीनशे वर्षांनी, एका छापखानेवाल्यानं घातले. "घोड्यावर बसून प्रवासात घातले म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण काही ठिकाणी वाक्य असं मध्येच तुटलंय, की घोडा ठेचकाळला असणार." त्या छापखानेवाल्यापुढं ज्या हस्तलिखित प्रती होत्या, त्यांत ही सोळा वचनं होती. पुढं त्याहून कितीतरी जुन्या प्रती सापडल्या, त्यांत ती नव्हती. म्हणजे मधल्या कुणीतरी नकलनविसानं भर घातली होती. म्हणून नव्या अनुवादांत ती गाळतात, फार तर तळटीपेत देतात.

"मग नंबर का नाही सरळ केले?" मी डोळे पुसत विचारलं.

"पुण्यात घर पाडलं म्हणून शेजाऱ्याचा घरनंबर बदलतो का? सगळं जग त्या नंबरांवर चालतंय. घर गेलं, पाटी राहिली. बास." मग आत तोंड करून, "सुलोचना, चहा टाक. आणि खारी दे हिला. सोळा वचनं सापडली आहेत."

त्या खारीइतकी चविष्ट खारी मी पुन्हा खाल्ली नाही. वहिनींनी शेजारून साहेबांना फोन लावून दिला. "असं होय," ते म्हणाले आणि पलीकडून मला त्यांनी सोडलेला श्वास ऐकू आला.

त्यानंतर दर शनिवारी मी येरवड्याला जायला लागले. काम असायचंच, नसलं तरी काढायचे. बाईंना श्रोता हवा असायचा आणि मला पुण्यात घर असं दुसरं नव्हतं.

त्यांचा एक आवडता प्रश्न होता. "कुठं लिहिलंय?" कुणीही काहीही ठासून बोललं की त्या टेबलावर बोट टेकवायच्या आणि हे विचारायच्या. पाळकांनाही विचारायच्या. एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं? कुठं लिहिलंय? फळ म्हटलंय फक्त. बायबल हा एक ग्रंथ आहे? "ग्रंथ म्हणू नकोस, वर्धा. कपाट म्हण. शब्दाचा मूळ अर्थच 'पुस्तकं' असा अनेकवचनी. आमच्या कपाटात सहासष्ट, रोमन कॅथलिकांच्या त्र्याहत्तर, आणि इथिओपियाच्या मंडळीकडे त्याहून जास्त. प्रत्येकाला वाटतं, आपलंच कपाट मापाचं." बायबलात पौल नावाच्या प्रेषिताची पत्रं आहेत, ती कशी लावली आहेत, हे मी एकदा विचारलं. मला वाटलं, तारखेप्रमाणे. "छे! लांबीप्रमाणे. आधी मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या चर्चना लिहिलेली, मग एकेकट्या माणसांना. मोठं पत्र पुढं, छोटं मागं. शाळेच्या प्रार्थनेला उंचीवरून उभं करतात ना, उलट्या बाजूनं तसं."

हे सगळं त्या चेष्टेनं सांगायच्या, पण तिच्यात हेटाळणी नसायची. मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, इतकं सगळं माहीत असून तुम्ही रोज सकाळी प्रार्थना कशा करता?"

"आपली आई कशी स्वयंपाक करते हे बघितलं म्हणून कुणी जेवायचं सोडतं का?" एवढंच म्हणाल्या.

त्या वर्षीच्या नाताळात त्यांच्या मंडळीत बालनाटिका होती. नाताळच्या गोष्टीत बाळासाठी भेटी घेऊन पूर्वेकडून येणाऱ्या ज्ञानी लोकांचं काम करायला पाच मुली हटून बसल्या. नाटक बसवणारे गृहस्थ म्हणाले, "ज्ञानी तीनच. दोघींनी मेंढ्या व्हा." दोन मुली भोकाड पसरून बसल्या. बाई तालमीला मागच्या बाकावर होत्या. तिथूनच आवाज आला, "तीन कुठं लिहिलंय?"

"बाई, तीन भेटी आणल्या ना? सोनं, ऊद, गंधरस."

"भेटी तीन. माणसं किती ते लिहिलेलं नाही. तुमच्या लग्नात दोनशे माणसं आली आणि चार स्टीलचे डबे आले, म्हणून माणसं चार होती का?"

त्या नाताळात येरवड्याच्या त्या ख्रिस्ती देवळात पाच ज्ञानी आले. तिघींनी मिळून एकच ऊद धरला होता. मेंढी कुणालाच व्हावं लागलं नाही. मी मागं उभी राहून बघत होते. पाचही जणींच्या तोंडावर असं समाधान होतं की त्या खरोखर लांबून चालत आल्यासारख्या वाटल्या.

पण बाईंचं ज्ञान नुसतं अशा गमतींसाठी नव्हतं, हे मला वहिनींकडून कळलं. एका शनिवारी बाई अंघोळीला गेल्या होत्या आणि आम्ही दोघी मेथी निवडत होतो. वहिनी आपणहून बोलायला लागल्या. नवरा गेल्यावर त्यांच्या तोंडून देवाचं नावच निघेना. उपासनेला जायच्या, सगळे गात, ह्यांचे ओठ मिटलेले. आपण आता कुठल्याच नाही राहिलो असं त्यांना वाटायला लागलं. सहा महिने हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेवटी नणंदेला सांगितलं. वाटलं, ती रागावेल.

"मग?"

"म्हणाली, आपल्या शास्त्रात एस्तेर नावाचं अख्खं पुस्तक आहे. हिब्रूत त्यात देवाचं नाव एकदाही येत नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तरी ते पुस्तक आतच आहे, कुणी बाहेर काढलं नाही. म्हणाली, पुस्तकाला चालतं तर तुला का नाही चालणार? सुलोचना, तू आतच आहेस. नाव येईल तेव्हा येईल." वहिनींनी मेथीची काडी मोडली. "त्या रात्री मला झोप लागली गं. सहा महिन्यांनी."

नाव आलं का पुढं, असं विचारायचं माझ्या ओठांवर होतं, पण तेवढ्यात बाई आल्या.

मग आलं ते शेवटचं वाचन. छापायला जाण्याआधी सगळा मजकूर एकदा मोठ्यानं वाचायचा, असा समितीचा नियम होता. एकाच मजकुराच्या दोन प्रती काढायच्या. एक बाईंकडे, एक माझ्याकडे. त्या वाचणार, चूक सांगणार. मी माझ्या प्रतीवर खूण करणार. पान संपलं की मी 'झालं' म्हणायचे आणि त्या तळाशी लाल पेन्सिलीनं सही करायच्या. आम्ही दोन महिने असं वाचत होतो. माझ्या साहेबांनी मला त्यासाठी शनिवारबरोबर सोमवारही मोकळा दिला होता.

त्या सोमवारी मत्तय चालला होता. बाईंचा आवाज खर्जातला, एका लयीत चालणारा. मी बोटानं ओळ धरून पुढं जात होते. त्यांनी एक वाक्य वाचलं आणि माझं बोट थांबलं. ते वाक्य माझ्या कागदावर नव्हतं. मला वाटलं, माझी प्रत चुकली. हळूच उठून त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. त्यांच्याही कागदावर नव्हतं. एका वाक्याचा शेवट 'स्वर्गाच्या राज्यात' असा होता, पुढच्याचाही तसाच. टाइप करणाऱ्याची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरली होती आणि मधली ओळ गळली होती. बाई मात्र ती ओळ सरळ वाचून पुढं गेल्या होत्या. पान संपलं. त्यांनी सही केली.

मी माझ्या जागेवर परतले. पुढचं पान काढलं. निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या, तेव्हा त्यांना विचारलं. त्यांनी वर दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तिला दिसत नाही. आठ महिने झाले. उजेड कळतो, आकार कळतात. अक्षर कळत नाही. मोतीबिंदू आहे. तिच्या आईचे डोळे ऑपरेशननंतर कायमचे गेले होते, म्हणून ही ऐकत नाही. म्हणते, पुस्तक होऊ दे, मग बघू. तू नको बोलूस गं. हे काम काढून घेतलं तर ती राहणार नाही."

म्हणजे पहिल्या दिवशी यादी हातात का घेतली नाही, ते मला तेव्हा कळलं. मराठीचे जुने तीन-चार अनुवाद, समितीत ओळ न ओळ घोटलेला हा नवा, शिवाय ग्रीक आणि हिब्रू, सगळं बाईंना मुखोद्गत होतं. त्या वाचत नव्हत्या, म्हणत होत्या. आणि छपाईला तीन आठवडे उरले होते.

चार दिवस मी स्वतःशी भांडले. शनिवारी गेले, चहा घेतला नाही, आणि बोलून टाकलं.

"बाई, सोमवारी तुम्ही एक ओळ वाचलीत. ती कागदावर नाहीये."

"असणारच. मूळ मसुद्यात आहे."

"मसुद्यात आहे. कागदावर नाही."

स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. बाईंनी हातातली पानं टेबलावर ठेवली, त्यांच्या कडा बोटांनी चाचपून सारख्या केल्या. 

"किती पानांवर सह्या केल्यात मी?"

"निम्म्याहून जास्त."

"तीस वर्षं," त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी वर्गात नकलनविसांना हसले. मुलांना सांगायचे, बघा, ह्याला एक शुभवर्तमान इतकं पाठ, की दुसरं उतरवताना त्यातलं वाक्य ह्यात घुसवतो. डोळ्यांसमोरचं बघत नाही, डोक्यातलं लिहितो. सगळे हसायचे. आणि मी काय केलं?"

"चूक तुम्ही नाही केली बाई. आमच्या टायपिस्टनं केली."

"चूक करणाऱ्याचा गुन्हा लहान, वर्धा. न बघता बरोबर म्हणून सही करणाऱ्याचा मोठा."

मला वाटलं होतं त्या चिडतील. ते बरं झालं असतं. त्या एकदम लहान दिसायला लागल्या. मग उठल्या, भिंतीला हात लावत शेजारच्या घरी गेल्या आणि मला समितीच्या प्रमुखांचा नंबर फिरवायला सांगितला. हे गृहस्थ एके काळी त्यांचे विद्यार्थी.

"मी बोलतेय. मला आठ महिने दिसत नाहीये. मी पाठांतरावर सह्या केल्या. त्या सगळ्या रद्द समजा आणि काम दुसऱ्याला द्या." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. बाई ऐकत राहिल्या.  शेवटी त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" वहिनींनी विचारलं.

"छपाई थांबवतो म्हणाला. दोन हजार वर्षं थांबलंय, तीन महिने आणखी थांबेल म्हणाला. डोळे करून या." मग कपाळाला आठी घालून, "दोन हजार कुठलं? जुना करार त्याहून जुना. वर्गात लक्ष नसायचंच त्याचं."

आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. भीतीचं रडं नव्हतं ते. खूप दिवस डोक्यावर धरलेलं ओझं कुणीतरी खाली घ्यावं, तसं होतं.

ऑपरेशनला नेताना मात्र त्या घाबरल्या होत्या. रिक्षात त्यांनी एका हातात वहिनींचा हात धरला होता आणि दुसऱ्यात माझा. सबंध रस्ताभर ग्रीक क्रियापदं चालवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू उघडा." बाईंनी डोळा उघडला, मिटला, परत उघडला.  त्यांनी समोर उभ्या असलेल्या वहिनींकडे पाहिलं, मान पुढं काढून नीट पाहिलं.

"सुलोचना! अगं, किती म्हातारी झालीस तू!"

वहिनी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की नर्सनं त्यांना खुर्ची दिली. "देवा, तुझे उपकार," असं त्या हसता हसता म्हणाल्या, आणि मग आपण काय म्हणालो हे ध्यानात येऊन एकदम गप्प झाल्या. बाईंनी ते ऐकलं होतं. त्यांनी वहिनींच्या केसांवरून हात फिरवला.

दोन महिन्यांनी दुसरा डोळा झाला. मग पहिल्या पानापासून पुन्हा वाचन. या वेळी बाई कागद नाकाशी धरायच्या आणि एकेक शब्द असा वाचायच्या, जणू तो त्यांनी आयुष्यात कधी ऐकलेला नाही. आधी सही केलेल्या पानांत सदतीस चुका निघाल्या. प्रत्येक चूक सापडली की त्या आनंदानं ओरडायच्या, "वर्धा, आणखी एक!" चुकांनी इतका खूश होणारा माणूस मी पाहिलेला नाही.

पुस्तक छापून आलं. समितीला त्यात त्यांचं नाव घालायचं होतं. बाई म्हणाल्या, "शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांनी आत कुठं आपलं नाव घातलं नाही. वरची नावं लोकांनी मागाहून लावली. मी काय त्यांच्याहून मोठी लागून गेले?" नाव घातलं नाही. मला मात्र त्यांनी एक प्रत दिली, त्यात लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'वर्धेस. बघून सही केली आहे.'

पुढं आमची ती कंपनी मिटली. खराडीत ज्वारीच्या शेतांतून काचेच्या इमारती उठल्या आणि त्यांतल्या एकीत मला नोकरी लागली. लग्न झालं, मूल झालं. येरवड्याला जाणं सणासुदीपुरतं उरलं, मग तेही चुकायला लागलं. जाऊ, जाऊ म्हणताना राहून जायचं.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते अशाच एका संध्याकाळी, ऑफिसातून स्कूटीवर परत येताना. येरवड्याच्या चौकात सिग्नल लागला होता. फुटपाथच्या कडेला काठी टेकून बाई उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पण ताठ. मी हाक मारणार एवढ्यात पाहिलं, त्या माझ्या पुढच्या टेंपोच्या ड्रायव्हरशी बोलत होत्या. काठीनं टेंपोच्या मागचा फाळका दाखवत होत्या. फाळक्यावर पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं : 'आई वडीलांचा आशिर्वाद'.

"वडिलांचा, डि ऱ्हस्व," बाई सांगत होत्या. "आणि आशीर्वादातली शी दीर्घ. दोन शब्दांत दोन चुका केल्यात."

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तरणा, हसरा होता. "आज्जी, असं चुकीचं लिवलं तर आशिर्वाद पोचत न्हाय व्हय?"

बाईंनी काठी खाली घेतली. प्रश्न खरोखरच महत्त्वाचा असल्यासारख्या त्यांनी थोडा विचार केला.

"पोचतो बाबा," त्या म्हणाल्या. "तेवढ्यानं अडत नाही. पण परत रंगवशील तेव्हा दीर्घ कर."

सिग्नल सुटला. टेंपो निघाला, मागच्या गाड्यांनी हॉर्न लावला आणि मलाही निघावं लागलं. आरशात पाहिलं तर बाई अजून तिथंच उभ्या होत्या, पुढच्या गाडीचा फाळका वाचत.